रडणारीला हार, हसवणारीवर खटला

मेक्सिकोत ला इंदिया मारिया या आदिवासी बाईच्या विनोदी सोंगाचा एखादा जुना चित्रपट टीव्हीवर लागला की हल्ली दोन पक्ष लगेच आमनेसामने उभे राहतात. एक म्हणतो, ही आदिवासी बाईची टिंगल आहे, दाखवणं बंद करा. दुसरा म्हणतो, आमच्या आज्या हे बघून पोट धरून हसल्या, तुम्हालाच आता बरा वंशद्वेष दिसायला लागला! 2018 मध्ये अल्फोन्सो क्वारोनचा 'रोमा' हा चित्रपट आला, त्यात मोलकरणीची भूमिका करणाऱ्या, ओआहाका प्रांतातल्या आदिवासी यालित्सा आपारिसियोला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं, आणि पहिल्या पक्षाला एक सोयीची मांडणी सापडली: आधी इंदिया मारियाचा अंधार होता, आता यालित्साचा उजेड आहे. दोन्ही पक्ष आवेशात आहेत आणि दोघेही साप समजून भुई धोपटत आहेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हे सोंग निर्दोष नाही. पण मेक्सिकन सिनेमाने आदिवासी बाईचं जे नुकसान केलं, त्यातला मोठा वाटा या हसवणाऱ्या मारियाचा नाही. तो तिच्या आधीच्या देखण्या, रडणाऱ्या, पारितोषिकं मिळवणाऱ्या मारियांचा आहे. त्यांना आपण अभिजात म्हणून हार घालतो आणि हिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो.

ज्यांनी हिला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मारिया एलेना वेलास्को यांचा जन्म 17 डिसेंबर 1940 चा, पुएब्ला शहरातला. वडील रेल्वेत कामाला होते. ते गेल्यावर कुटुंब पोट भरायला मेक्सिको सिटीत आलं. मुलगी नाचायला लागली. आधी तिवोली आणि मग ब्लांकिता, ही तिथली भरगर्दीची विनोदी-संगीत रंगमंचं. नाच, गाणी, प्रहसनं यांची रात्रभर चालणारी खिचडी. तिथल्या प्रहसनांत आदिवासी गावंढळाचं पात्र आधीपासून रुळलेलं होतं. वेलास्कोबाईंनी ते उचललं आणि त्याला एक नेमका चेहरा दिला. दोन वेण्या, त्यांत रंगीत फिती, घेरदार परकर, झालरीचा पोलका, खांद्यावर रेबोसो म्हणजे लांब शाल, आणि सोबत फिलेमोन नावाचं गाढव. हा पोशाख बहुतांशी मासावा या आदिवासी समाजातल्या स्त्रियांचा. त्या काळात मासावा आणि ओतोमी बायका खेड्यांतून राजधानीत येऊन फुटपाथवर फळं आणि च्युइंगगम विकत असत, आणि शहर त्या सगळ्यांना सरसकट 'मारिया' म्हणून हाक मारत असे. पोलीस त्यांच्या टोपल्या उधळत. राजधानीच्या रस्त्यावर रोज दिसणारी आणि कुणालाच नको असलेली ही बाई वेलास्कोबाईंनी रविवारच्या लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात आणली. 1972 मध्ये फर्नांदो कोर्तेस यांच्या दिग्दर्शनाखाली तिच्यावर पहिला संपूर्ण चित्रपट निघाला, 'तोंता, तोंता, पेरो नो तांतो' – म्हणजे वेडी खरी, पण इतकीही नाही. मग 1999 पर्यंत एकामागून एक चित्रपट, आणि शेवटचा 2014 मध्ये. 1 मे 2015 ला त्या वारल्या.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. वेलास्कोबाई मासावा नव्हत्या, कुठल्याच आदिवासी समाजातल्या नव्हत्या. शहरात वाढलेल्या मेस्तिसो, म्हणजे मिश्रवंशीय, घरातल्या बाईने दुसऱ्याचे कपडे चढवले, दुसऱ्याची मोडकी स्पॅनिश तोंडात घेतली आणि त्यावर हशे वसूल केले. इथे काही जण बचावासाठी हॉलिवूडच्या हॅटी मॅकडॅनियलचा दाखला देतात. मोलकरणीच्या भूमिकांबद्दल कृष्णवर्णीयांच्या संघटनेने तिच्यावरही टीका केली होती, आणि तरीही ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत ठरली. हा दाखला इथे लागू पडत नाही. मॅकडॅनियल स्वतः कृष्णवर्णीय होती. 1940 च्या त्या समारंभात तिला गोऱ्या सहकलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं गेलं. वेलास्कोबाई वेण्या सोडून घरी जाऊ शकत होत्या. मासावा बाईला कातडी खुंटीला टांगून घरी जाता येत नाही. दुसरा मुद्दाही तितकाच बोचरा आहे. शहरातल्या शाळेत गेलेल्या, परकर-वेणीतल्या किती तरी मुलींना 'इंदिया मारिया' ही शिवी म्हणून ऐकावी लागली आहे. त्या मुलींना चित्रपटाचं कथानक किती पुरोगामी होतं हे समजावून काय उपयोग? पडद्यावरचा विनोद थिएटरबाहेर गेला की त्याची तळटीप सोबत जात नाही. हे मी मान्य करते, आणि यापुढे जे लिहिते आहे त्याने या दोन मुद्द्यांचं वजन कमी होतं असं मला वाटत नाही.

पण मग प्रश्न असा येतो की हाच निकष इतरांना का लावला जात नाही? 1943 मध्ये एमिलिओ फर्नांदेसने 'मारिया कांदेलारिया' काढला. शोचिमिल्कोच्या कालव्यांमधली आदिवासी तरुणी, फुलं विकणारी, निष्पाप, छळलेली. भूमिकेत कोण? दुरांगोच्या सधन घराण्यातली, हॉलिवूड गाजवून परतलेली दोलोरेस देल रिओ. 1946 च्या कान महोत्सवात ज्या चित्रपटांना ग्रां प्री हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं त्यात हा होता आणि आजही मेक्सिकन सिनेमाच्या सुवर्णकाळाचं नाव निघालं की तो पहिल्या पंगतीत बसतो. 1957 च्या 'तिसोक' मध्ये देशाचा लाडका गायक-नट पेद्रो इन्फान्ते आदिवासी झाला; खांदे पाडून, बालिश आवाजात बोलत, गोऱ्या, श्रीमंत तरुणीवर भाबडं प्रेम करत. त्याला बर्लिन महोत्सवात मरणोत्तर अभिनयाचं पारितोषिक मिळालं. वेष उसना, बोली उसनी, कातडी उसनी, सगळं तेच. मग इथे आपली मान आदराने का लवते? कारण इथे लोक रडले. रडणं म्हणजे सहानुभूती आणि हसणं म्हणजे अपमान, असा एक हिशेब आपण न तपासताच मनाशी धरलेला असतो.

तो तपासून बघू. मारिया कांदेलारियाला शेवटी कोण मारतं? तिच्याच गावचे आदिवासी. शहरातून आलेला चित्रकार तिचा चेहरा रंगवतो, धड दुसऱ्या मॉडेलचं काढतो. गावकऱ्यांना ते नग्न चित्र तिचंच वाटतं आणि ते दगडांनी ठेचून तिचा जीव घेतात. चित्रकार भला आहे, पाद्री भला आहे, सरकारने मलेरियावर पाठवलेलं क्विनीनसुद्धा भलं आहे. वाईट काय, तर आदिवासी जमाव आणि गावातला एक दुकानदार. पडद्यासमोर बसलेला शहरी प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो आणि त्याला स्वतःबद्दल अधिकच बरं वाटतं, कारण आपण त्या चित्रकाराच्या बाजूचे आहोत हे त्याला कळलेलं असतं. तिसोकही शेवटी मरतो. या सिनेमात आदिवासी मरतात आणि सुंदर मरतात. 1940 साली पात्स्कुआरोला आदिवासी प्रश्नावर अमेरिका खंडातली पहिली परिषद भरली, 1948 मध्ये सरकारने त्यासाठी राष्ट्रीय संस्था काढली; आदिवासीचा भूतकाळ भव्य, त्याचा वर्तमान कीव करण्याजोगा आणि त्याचं भविष्य म्हणजे त्याने आदिवासी असणं सोडून देणं, ही त्या सगळ्या धोरणामागची दिशा होती. त्या दिशेला शोभेल अशी नायिका मरणारीच असणार.

इंदिया मारिया मरत नाही. तिला मार बसतो, ती पडते, पोलीस ठाण्यात जाते, कामावरून काढली जाते आणि पुन्हा उभी राहते. आणि हसू तिच्यावर येतं हे खरं असलं तरी तेवढंच येत नाही. तिच्या चित्रपटांत खलनायक कोण आहेत हे एकदा मोजून पाहावं: मोलकरणीला राबवणाऱ्या घरमालकिणी, लाचखाऊ हवालदार, भामटे वकील, गावगुंड पुढारी, पैशाला हपापलेले धर्माचे ठेकेदार. 1975 च्या 'ला प्रेसिदेंता मुनिसिपाल' मध्ये नावाच्या घोटाळ्यामुळे ती निवडणुकीत चक्क नगराध्यक्ष होते, आणि तिला अक्कल शिकवायला आलेल्या कारभाऱ्यांचीच पंचाईत होते. ती नियम शब्दशः पाळते. जिथे सगळे नियम मोडण्यासाठीच केलेले आहेत तिथे नियम पाळणारा माणूस आपोआप क्रांतिकारक ठरतो. वेड्याचं सोंग घेऊन राजाला खरं सुनावण्याची ही युक्ती जुनी आहे. दरबारच्या विदूषकापासून तमाशातल्या सोंगाड्यापर्यंत तिची वंशावळ सांगता येईल. मेक्सिकोतच कांतिन्फ्लास या विनोदी नटाने ती वापरली. राजधानीतल्या दरिद्री वस्त्यांचा तो फाटका बडबड्या. त्याच्या निरर्थक लांबलचक बोलण्यावरून पडलेलं क्रियापद 1992 मध्ये स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशात गेलं. त्याच्यावर विद्वानांनी रकाने भरले, त्याच्यात राष्ट्राचं मन शोधलं. पुढे तो श्रीमंत झाला, त्याच्या चित्रपटांत उपदेश वाढला, तरी त्याचं आसन हललं नाही. वेलास्कोबाईंच्या वाट्याला मात्र समीक्षकांकडून नाक मुरडणं तेवढं आलं. बाईने विनोद केला तर तो थिल्लर, पुरुषाने केला तर ते समाजचिंतन – ही तक्रार जुनी आहे म्हणून ती खोटी ठरत नाही.

आणि 1975 हे साल सहज सोडून देण्यासारखं नाही. त्याच वर्षी मेक्सिको सिटीत संयुक्त राष्ट्रांची पहिली जागतिक महिला परिषद भरली. बोलिव्हियातल्या कथील-खाणकामगाराची बायको, दोमितिला बार्रिओस, तिथल्या स्वतंत्र मंचावर उभी राहिली आणि तिने एका सुखवस्तू मेक्सिकन प्रतिनिधीला विचारलं की, तुम्ही रोज नवा पोशाख करून मोटारीने येता, माझ्या घराची तुम्हाला कल्पना आहे का. मग तुमची आणि माझी समानता ती कोणती? त्या प्रतिनिधींपैकी बहुतेकींच्या घरी कामाला खेड्यातून आलेली एखादी मारिया असणार. परिषदेच्या ठरावांत ती नव्हती. त्याच वर्षी निघालेल्या एका स्वस्त विनोदी चित्रपटात ती नगराध्यक्षाच्या खुर्चीत बसली होती. राष्ट्राध्यक्ष एचेवेरियांच्या त्या राजवटीत सरकार चित्रपटांना सढळ हाताने पैसे देत होतं, 'लेखक-दिग्दर्शकांचा' गंभीर सिनेमा उभा राहत होता आणि त्याचं कौतुक योग्यही होतं. पण त्या सरकारमान्य गांभीर्यात कामवालीला मालकिणीला उलट बोलायला किती जागा होती?

यावर एक चोख प्रतिवाद आहे, आणि तो मला खोडता येत नाही, थोडा वळवता येतो. मारियाचा विजय नेहमी अपघाताने होतो. नावाचा घोटाळा, जुळी बहीण, चुकून हाती आलेलं काहीतरी. ती संघटना बांधत नाही, संप करत नाही, आणि शेवटी व्यवस्था जिथल्या तिथे राहते. 1999 च्या 'लास देलिसियास देल पोदेर' मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार बाईच्या जागी तिची जुळी बहीण म्हणून मारिया उभी राहते, तेव्हा मेक्सिकोवर एकाच पक्षाची सत्ता सत्तर वर्षं चालू होती. विनोदाच्या वाफेने झाकण जरा हलकं झालं इतकंच, असं म्हणता येईल. खरं आहे. पण अपघाताशिवाय दुसरा रस्ता त्या काळच्या वास्तवात होता का, हेही विचारा. ओआहाकामधल्या सांता मारिया किएगोलानी गावात एउफ्रोसिना क्रूस ही सापोतेक आदिवासी तरुणी 2007 मध्ये नगराध्यक्षपदाला उभी राहिली, तेव्हा गावच्या रूढीनुसार बाईला तो हक्कच नाही म्हणून तिच्या नावाची मतं रद्द झाली. विनोदी चित्रपटाला बत्तीस वर्षं होऊन गेली होती! पुढे तिच्या लढ्यातून ओआहाकाचा कायदा बदलला. 2018 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी नाहुआ समाजातल्या मारिया दे हेसुस पात्रिसिओ, म्हणजे मारिचुई, अपक्ष म्हणून उभ्या राहू पाहत होत्या. त्यासाठी साडेआठ लाखांहून जास्त सह्या हव्या होत्या आणि त्या मोबाइलमधल्या ॲपवर गोळा करायच्या होत्या. जिथे वीज नाही, रेंज नाही, त्या डोंगरांत. सह्या पुरेशा झाल्या नाहीत, नाव मतपत्रिकेवर आलं नाही. आदिवासी बाई सत्तेवर येते ही कल्पना प्रहसनातच शक्य आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही विसंगती चित्रपटाच्या माथी मारू नये.

मग 'रोमा'. हा चित्रपट मला थोर वाटतो आणि यालित्साचं त्यात असणं ही फार मोठी गोष्ट आहे. आदिवासी बाईची भूमिका आदिवासी बाईने केली, मिश्तेक ही आदिवासी भाषा पडद्यावर नुसती रंगत म्हणून आली नाही. या एका बाबतीत वेलास्कोबाईंचा सबंध कारभार तिच्यासमोर फिका पडतो. नामांकनानंतर एका मालिका-नटाची चित्रफीत बाहेर आली, तिला आदिवासी म्हणून शिवी देणारी, आणि देशाला आपलाच चेहरा दिसला. एवढं मान्य करून विचारते: यालित्साने उभी केलेली मोलकरीण, क्लेओ, किती बोलते? ती सोसते, कपडे धुते, मूल गमावते, पोहता येत नसताना समुद्रात शिरून मालकाची मुलं वाचवते, आणि घरी परतून पुन्हा कामाला लागते. ही कथा त्या घरच्या मुलाने, मोठं झाल्यावर, आपल्या सांभाळणारीवरच्या प्रेमातून सांगितली आहे. प्रेम खरं आहे. पण दृष्टी घरातल्या सोफ्यावरून आहे, मोरीतून नाही. कथेचा काळ 1970-71 चा. क्लेओ सुट्टीच्या दिवशी सिनेमाला जाते हे क्वारोन दाखवतो. तशा शेकडो खऱ्या क्लेओ एक-दोन वर्षांनी कुठला सिनेमा बघायला रांगेत उभ्या राहिल्या असतील? मालकीण ज्यात फजित होते तोच, अशी माझी अटकळ आहे. 'रोमा' नंतर घरकामगारांच्या सामाजिक सुरक्षेची चर्चा खूप झाली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये त्यांना विम्यातून वगळणं घटनाबाह्य ठरवलं, 2019 मध्ये कायदाही झाला. हे संघटनांच्या वर्षानुवर्षांच्या कष्टांचं फळ होतं, सिनेमाने त्याला वारा दिला. चांगलं झालं. तरी सोसणारीला न्याय आणि फटकळ बोलणारीला तिरस्कार, ही जुनी वाटणी काही त्याने मोडली नाही.

दुसऱ्या पक्षालाही सोडू नये. 'लोकांना आवडलं' हा काही युक्तिवाद नव्हे. तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे अमेरिकेतले मिन्स्ट्रेल शोही लोकांना आवडत असत. लॉस एंजेलिस आणि टेक्ससमधल्या स्पॅनिश थिएटरांत मारियाचे चित्रपट स्थलांतरितांनी गर्दी करून पाहिले, तर ते का पाहिले हे सांगायला हवं. 1986 मध्ये अमेरिकेने कागदपत्रं नसलेल्या लाखो लोकांना कायदेशीर करणारा आणि त्याच वेळी त्यांना कामावर ठेवणाऱ्यांना दंड करणारा कायदा केला. दोनच वर्षांनी, 1988 मध्ये, 'नी दे आकी, नी दे आया' आला: ना इथली, ना तिथली. मारिया लॉस एंजेलिसला घरकामाला जाते, विमानतळावर एका खुनाची साक्षीदार होते आणि खुन्यापासून आणि सरकारी माणसांपासून पळत एका कामावरून दुसऱ्या कामावर जाते. कथानक ढोबळ आहे, काही विनोद तर फारच ओढलेले. पण घर सोडलेल्या, भाषा न येणाऱ्या आणि प्रत्येक गणवेशाला घाबरणाऱ्या माणसाची धावपळ त्या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावी लागली नाही. बचावाची भाषा अशी हवी, आज्जीच्या हसण्याची नको.

हा चित्रपट वेलास्कोबाईंनी स्वतः दिग्दर्शित केला होता, आणि वादात सगळ्यात कमी बोललं जातं ते यावर. मेक्सिकोच्या चित्रपटधंद्यात बाईला दिग्दर्शकाच्या खुर्चीपर्यंत पोचू दिलं जात नसे. 1948 ते 1951 या काळात मातिल्दे लांदेता यांनी तीन चित्रपट काढले आणि मग त्यांच्यासाठी दारं जवळजवळ चार दशकं बंद राहिली. अशा धंद्यात एका माजी नर्तकीने 1980 च्या दशकात लिहिणं, दिग्दर्शन आणि निर्मिती आपल्या हातात घेतली, मुलांना सोबत घेतलं, आणि व्यावसायिक चित्रपट चालवून दाखवले. 2004 मध्ये मुलगा इवान लिपकीस याच्या दिग्दर्शनाखाली 'वापांगो' आला, ऑथेल्लोची कथा वास्तेका भागातल्या नाचणाऱ्यांच्या मंडळीत बसवलेली. तिथे वेण्या नव्हत्या, गाढव नव्हतं. रूपांतरित पटकथेसाठी त्या मायलेकरांना आरिएल मिळालं, देशाचं सर्वोच्च चित्रपट पारितोषिक. म्हणजे वेण्यांशिवायही काम येत होतं. ते येत असताना तीस वर्षं तोच वेष का, या प्रश्नाचं एक उत्तर पैसा हे आहेच. दुसरं असं की वेण्या नसलेल्या पन्नाशीच्या बाईला तो धंदा नायिका करायला तयार नव्हता.

आणि म्हणूनच माझी खरी तक्रार वेगळीकडे जाते. इतक्या वर्षांत, इतक्या चित्रपटांत, मारियाच्या शेजारी उभी राहून तिच्यासारखीच फटकळ बोलणारी एखादी मासावा नटी पुढे यावी, तिला चार विनोदी संवाद मिळावेत, एवढं वेलास्कोबाईंना करता आलं असतं. लेखणी, कॅमेरा आणि तिजोरी तिन्ही त्यांच्या हाती होत्या. त्यांच्यावरचा हा आरोप मला कपड्यांवरच्या आरोपापेक्षा कितीतरी जड वाटतो, आणि तोच कुणी करत नाही, कारण तो एकदा केला की मग सगळ्या धंद्यालाच विचारावा लागतो. ओआहाकाच्या आंखेलेस क्रूस या मिश्तेक अभिनेत्रीने वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चित्रपटांत काम केलं आणि 2021 मध्ये 'नुदो मिश्तेको' हा आपला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट काढला. स्थलांतर, हिंसा, गावच्या पंचायतीचा जाच, सगळं गंभीर. तो उत्तम आहे. पण पुढच्या वेळी तिच्यासारखी कुणी एखादी, मालकिणीची आणि मंत्र्याची रेवडी उडवणारं धमाल प्रहसन घेऊन निर्मात्याकडे गेली, तर तिला पैसे मिळतील की, बाई, तुमच्या लोकांचं दुःख दाखवा, महोत्सवात चालेल, असं सांगून परत पाठवलं जाईल?